दौंड स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला स्कूटर द्या, पण काळ्या पाटीची द्या!

पुणे बघायला आलेला माणूस हल्ली काय करतो? सकाळी स्कूटर भाड्यानं घेतो. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, वेळ उरला तर पर्वती. संध्याकाळी स्कूटर परत करतो आणि मोकळा होतो. पेठांच्या बोळात मोटार घुसत नाही, घुसली तर लावायला जागा नाही. त्यामुळे जुनं शहर बघायला स्कूटरसारखं वाहन नाही, हे आता सगळ्यांना कळलंय.

आता हाच माणूस दौंड स्टेशनवर उतरला तर? किंवा शिरूरच्या एसटी स्टँडवर?

"इथं काय बघायचंय" म्हणून हसू नका. आपणच हसतो, म्हणून बाहेरचे येत नाहीत. जरा मोजूया.

शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. हे सगळ्यांना माहीत आहे. 'छावा' सिनेमा २०२५ च्या फेब्रुवारीत आला आणि वढू-तुळापूरची गर्दी कशी वाढली ते आपण डोळ्यांनी बघितलं. पण त्याच इतिहासाचं दुसरं टोक दौंडच्या शेजारी आहे, हे किती जणांना माहीत आहे? भीमेच्या पलीकडे पेडगावचा बहादूरगड. मोगल सुभेदार बहादूरखानाचा तळ. महाराजांना आणि कवी कलशांना कैद करून १६८९ च्या फेब्रुवारीत औरंगजेबासमोर आणलं ते इथंच. पुढं ११ मार्चला शेवट झाला तो भीमेच्याच काठी, तुळापूर-वढूच्या परिसरात. गडाचं नाव आता धर्मवीरगड. आत लक्ष्मी-नारायणाचं यादवकाळातलं कोरीव देऊळ आहे. तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर, हे कागदावर. रेल्वेनं येणाऱ्याला सोयीचं मोठं स्टेशन म्हणाल तर आपलं दौंडच.

पाबळला मस्तानीची कबर आहे. 'बाजीराव मस्तानी' २०१५ ला आला, देशभर गाजला. पण मस्तानी शिरूर तालुक्यात विसावलीय, हे पुण्यातल्या पोरांनासुद्धा सांगावं लागतं.

इनामगाव. घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ इथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. शंभराहून जास्त घरांचे अवशेष, त्यात एक पाच खोल्यांचं मोठं घर, आणि घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान लेकरं. महाराष्ट्रातला शेतकरी तीन हजार वर्षांपूर्वी कसा जगत होता, हे जगाला इनामगावनं सांगितलं. आपल्या शाळेच्या सहली मात्र वॉटर पार्कला जातात.

शिरूर शहरात कर्नल वॉलेसची कबर आहे. हा इंग्रज अधिकारी १८०९ ला इथं वारला आणि लोकांनी त्याला 'सत्पुरुष' म्हणून पूजलं. शिरूर तेव्हा छावणीचं गाव होतं. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत लढलेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती.

दौंडकडं या. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. अख्खं बायबल मराठीत आणणारी, निराधार बायकांना छापखान्यासारखी कामं शिकवणारी ही बाई १९२२ ला गेली ती केडगावातच. यवतवरून वर गेलं की भुलेश्वर. दौंडहून अठरा-एकोणीस किलोमीटरवर सिद्धटेक, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं अष्टविनायकातलं देऊळ. पूर्वी शिरापूरवरून होडीनं जायचो, आता पूल आहे. शिरूरकडं हमरस्त्यावर रांजणगावचा महागणपती, आणि टाकळी हाजीच्या बाजूला कुकडी नदीतले निघोजचे रांजणखळगे.

म्हणजे माल भरपूर आहे. पण पुण्यासारखा तो दोन-तीन किलोमीटरच्या पेठांत नाही. दोन तालुक्यांत आणि शेजारच्या शिवारात तो विखुरलेला आहे. आपलं ऐतिहासिक शहर असं पसरलेलं आहे, एवढाच फरक.

आणि घोडं अडतं ते शेवटच्या वीस किलोमीटरला.

पुण्याहून दौंडला रेल्वेनं यायला फारसा खर्च नाही. शिरूरला एसटीनं यायला अडचण नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना फुकट. म्हणजे सरकार माणसाला स्टँडपर्यंत स्वस्तात आणून सोडतं. पुढं? पाबळला, इनामगावला जाणारी गाडी गावकऱ्याच्या वेळेनं चालते, आणि ते बरोबरच आहे. ती शाळेच्या पोरांसाठी, बाजारासाठी आहे. पण बघायला आलेला माणूस एक ठिकाण बघून परतीच्या गाडीची वाट बघत झाडाखाली बसतो. दुसरं ठिकाण होतच नाही. रिक्षा किंवा जीप स्पेशल केली तर एकट्यादुकट्याला परवडत नाही. दौंड कॉर्डलाइनला उतरलेल्या माणसाची तर गावात यायचीच पंचाईत.

मग जो येतो तो स्वतःची मोटार घेऊन येतो, रांजणगावला हात जोडतो, हायवेच्या हॉटेलात मिसळ खातो आणि घरी जातो. आतल्या गावात त्याचा एक रुपया पडत नाही. नाहीतर तरुण पोरं पुण्यातूनच भाड्याची स्कूटर घेऊन नगर रस्त्यानं निघतात. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव, शिक्रापूर, एमआयडीसीचे कंटेनर, डंपर आणि मध्ये ही छोट्या चाकाची गाडी. त्या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या मी लिहितो, म्हणून सांगतो, हा वेडेपणा आहे. लांबचा पल्ला रेल्वेनं, एसटीनं करावा. स्कूटर घ्यावी ती आतल्या रस्त्यासाठी, इथं आल्यावर.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दौंड स्टेशन, शिरूर स्टँड आणि शिक्रापूर चौक, या तीन जागी अधिकृत, परवानाधारक भाड्याच्या स्कूटर उभ्या राहिल्या पाहिजेत. 'अधिकृत' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

कारण अनधिकृत कारभार कसा चालतो ते आपल्याला माहीत आहे. पाहुणा टपरीवर विचारतो, "गाडी मिळंल का दिवसभरासाठी?" कुणीतरी भाच्याला फोन लावतो. पाचशे रुपये, पेट्रोल तुमचं. चावी हातात. ना कागद, ना हेल्मेट. माणुसकी पण झाली आणि पाचशे पण सुटले. सगळ्यांना वाटतं, यात वाईट काय?

वाईट काय ते ऐका. तुमची पांढऱ्या पाटीची गाडी ही खासगी वापरासाठी नोंदलेली असते. तिच्या विमा पॉलिसीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की भाड्यानं देण्यासाठी वापर चालणार नाही. घरी जाऊन कागद काढा आणि वाचा. अशी गाडी भाड्यानं दिली, पाहुण्यानं कुणाला ठोकरलं, तर कंपनी हात वर करू शकते. न्यायाधिकरणानं भरपाई ठरवली तर ती मालकाच्या अंगावर येऊ शकते. गाडी सत्तर हजाराची आणि भरपाई लाखांत. पाचशे रुपयांपायी अर्धा एकर जाईल, आणि ते भाच्याला कळणारसुद्धा नाही कसं गेलं.

पाहुण्याचं काय? पॉलिसीत जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा असतो. म्हणजे मालक स्वतः चालवत असेल तर. भाड्यानं घेतलेल्याला त्यातलं काही मिळत नाही. हे त्याला कुणी सांगत नाही.

आणि गाडी घेणारा १८ च्या आतला निघाला तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला की पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मिसरूड बघून वय ओळखायचे दिवस गेले. लायसन बघा.

याला कायदेशीर रस्ता आहे, आणि तो काही नवीन नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७५ खाली केंद्र सरकारनं १९९७ ला दुचाकी भाड्यानं देण्याची योजना आणली. आरटीओकडून परवाना घ्यायचा, कमीत कमी पाच दुचाकी पाहिजेत, त्यांचा विमा पाहिजे, लावायला जागा पाहिजे. परवाना पाच वर्षं चालतो. अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. गोव्याला गेलेल्या प्रत्येकानं ही पाटी बघितलीय. किनाऱ्यावरच्या गावांत कितीतरी घरं या धंद्यावर चालतात. तिथंही पांढऱ्या पाटीच्या गाड्या गुपचूप भाड्यानं देणारे आहेत आणि त्यावरून भांडणं होतातच. पण तिथल्या माणसाला निदान काळी पाटी आणि पांढरी पाटी यातला फरक कळतो. आपल्याकडं तेवढंही नाही.

विजेची स्कूटर असेल तर आणखी सोपं. विजेवरच्या वाहनांना केंद्रानं २०१८ मध्ये परमिटमधून सूट दिली आहे. हिरवी पाटी, पिवळी अक्षरं. दौंड ते सिद्धटेक जाऊन येऊन चाळीसएक किलोमीटर. चांगल्या विजेच्या स्कूटरला एका चार्जिंगमध्ये हे सहज जमतं. पेट्रोलचा प्रश्न नाही आणि देवळापुढं धूर नाही.

आता विरोधातले मुद्दे. लोक मला तोंडावर बोलतात, म्हणून इथंच उत्तर देतो.

"रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय येईल." हा मुद्दा खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. पण जो माणूस आज येतच नाही त्याचं भाडं रिक्षावाल्याला कुठून मिळतंय? म्हातारी माणसं, लेकुरवाळी बाई, मोठं कुटुंब, हे रिक्षा-जीपनंच जाणार. स्कूटर घेणारा वेगळा. तरीही माझी सूचना अशी की, परवान्यासाठी पहिली संधी स्टँडवरच्या रिक्षाचालकांच्या गटाला द्या. त्यांना गाडीची निगा कळते, रस्ते पाठ आहेत, पोलिसांना ते माहीत आहेत. बाहेरची मोठी कंपनी ॲप घेऊन येण्याआधी आपल्या माणसानं जागा धरावी.

"आपले रस्ते धोक्याचे आहेत." बरोबर. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या, त्याही बिनरिफ्लेक्टरच्या, अंधारात दिसत नाहीत. गावातल्या पोरांचा जीव त्यात जातो, पाहुण्याला तर रस्ताच नवीन. शिवाय बिबट्या. पिंपरखेड, जांबूत पट्ट्यात काय झालं ते मी वेगळं सांगायला नको. लेकरं गेली, हायवे अडवायची वेळ आली. म्हणून माझी अट कडक आहे. सूर्य मावळायच्या आत गाडी परत. ऊस हंगामात आणखी तासभर आधी. सायंकाळनंतर चावी द्यायचीच नाही, कितीही पैसे देऊ दे. आणि हेल्मेट दोन, चालवणाऱ्याला एक, मागच्याला एक. कायद्यात दोघांनाही हेल्मेट आहे.

१ जानेवारीला नगर रस्त्याची वाहतूक वळवतात, गर्दी अफाट असते. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी शिक्रापूर-कोरेगाव बाजूला भाड्याची स्कूटर बंद. यात वाद नको.

"पोरं येतील, धिंगाणा घालतील, समाधीपुढं रील काढतील." येतील. आत्ताही येतात, स्वतःच्या गाडीवर. उलट भाड्याच्या गाडीची नोंद असते, लायसनची प्रत असते, फोन नंबर असतो. कोण होता ते दहा मिनिटांत कळतं. गाडी देताना एक कागद हातात ठेवा. वढूला कसं वागायचं, केडगावला परवानगी घेऊनच आत जायचं, पाबळला कबरीवर बसायचं नाही. सांगितलं की बहुतेक माणसं ऐकतात.

"पुण्यात सायकली भाड्यानं आणल्या होत्या, त्यांचं काय झालं?" हा प्रश्न मात्र चांगला आहे. २०१७-१८ ला पुण्यात सार्वजनिक सायकली आल्या. रंगीबेरंगी, ॲपवर चालणाऱ्या. थोड्याच दिवसांत मोडतोड, चोऱ्या, आणि काही वर्षांत सगळं गुंडाळलं. माझ्या मते धडा एकच. रस्त्यावर बेवारस उभी केलेली वस्तू टिकत नाही. ज्याची त्यानं सांभाळली पाहिजे. म्हणून आपल्याकडं ॲपवर उघडणारी गाडी नको. खुर्ची टाकून बसलेला ओळखीचा माणूस पाहिजे, ज्याला पाहुणा संध्याकाळी चावी परत देईल.

धंद्याचं गणितही खोटं सांगत नाही. शनिवार, रविवार, संकष्टी, जोडून सुट्ट्या, एवढेच दिवस जोराचे. मंगळवारी दुपारी पाचही गाड्या उभ्या दिसतील. नुसत्या यावर घर चालणार नाही. गॅरेज, झेरॉक्स, रसवंती, खानावळ असं काहीतरी असलेल्यानं जोडधंदा म्हणून करावा. बचत गटातल्या बायकांनी तर जरूर विचार करावा. पर्यटन व्यवसायात येणाऱ्या महिलांसाठी राज्याचं 'आई' धोरण २०२३ पासून आहे, १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. या धंद्याला त्यात बसवून घ्यायला आमदार, जिल्हा परिषदेनं जोर लावावा. एकट्या फिरणाऱ्या मुलीला बाईच्या हातून गाडी घेताना बरंही वाटेल.

घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी, आत्तापासून उपयोगी पडतील. पाटी बघा, पांढरी असेल तर नको म्हणा. विम्याची तारीख बघा. गाडी घेण्याआधी चारी बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ काढा, ओरखड्यांवरून अनामत कापायचे वाद त्यानं मिटतात. आणि मूळ लायसन कुणाकडं गहाण ठेवू नका. रस्त्यात पोलिसानं मागितलं तर काय दाखवणार? डिजीलॉकरवरचं चालतं, पण रेंज गेली की तेही गेलं.

प्रशासनाकडं मागण्या थोड्याच आहेत. एसटीनं शिरूर स्टँडवर आणि रेल्वेनं दौंड स्टेशनबाहेर दहा गाड्यांची जागा भाड्यानं द्यावी. आरटीओनं तालुक्याला एक दिवस येऊन या परवान्याची माहिती द्यावी, एजंटाशिवाय. पंचायत समितीनं इनामगाव, पाबळ, पेडगावच्या फाट्यांवर नीट मराठीत फलक लावावेत. आज इनामगावच्या रस्त्याला वळलेल्या माणसाला आपण तीन हजार वर्षांच्या गावाकडं चाललोय हे कळायची काय सोय आहे? आणि पेडगावसाठी श्रीगोंद्याशी बोलावं. नदी दोन जिल्ह्यांची असली तरी पाहुणा एकच आहे.

शेवटचं. आपण इतिहासावर भांडतो भरपूर. गावाच्या नावावरून, फलकावरून, कुणी काय बोललं त्यावरून मोर्चे निघतात, बंद होतात, मी त्यांच्या बातम्या लिहितो. पण त्या जागेला किती जण जाऊन येतात? बंद पुकारणाऱ्यांतले किती जण पेडगावच्या गडात उभे राहिलेत? इतिहास पायाखालून गेला की माणूस जरा शांत बोलतो, असा माझा अनुभव आहे. पाच स्कूटरनं क्रांती होणार नाही. पण दौंडला उतरलेली एक मुलगी सकाळी केडगाव आणि दुपारी सिद्धटेक बघून दिवस मावळायच्या आत परतीच्या गाडीत बसली, तर तिच्या तोंडून दौंडचं नाव पुण्यात चांगल्या अर्थानं निघेल.

रिक्षा संघटनेतल्या मित्रांनी, बचत गटाच्या ताईंनी आणि गॅरेजवाल्यांनी खाली लिहा. पाच जण तयार झाले तर परवान्याची चौकशी करायला आरटीओत मी सोबत येतो. विरोध असेल तर तोही लिहा, पण आधी आपल्या गाडीची पॉलिसी काढून एकदा वाचा.

#दौंड #शिरूर #काळीपाटी